पोवळ्याचे घर आणि दिव्याचा हिशेब

माझ्या आजीच्या गळ्यात पोवळ्यांची एक सर आहे. आदिलाबादेत आमच्या शेजारच्या तेलुगू बायका तेच लाल मणी मंगळसूत्रात ओवतात आणि त्यांना ‘पगडम्’ म्हणतात. माझे आजोळ कानडी. कॉलेजसाठी मी सध्या तिथेच राहते. तिथे तोच मणी ‘हवळ’ होतो. पोथीत तो ‘प्रवाळ’ असतो. नावे चार, पण चारही ठिकाणी समजूत एकच, की हा समुद्रातला कसलासा दगड आहे. माझीही तीच समजूत होती. ती मोडली माझ्या दादाने, आणि मोडता मोडता वर्षभराची शिल्लक पाण्यात घातली. हा वाक्प्रचार इतका शब्दशः खरा ठरलेला मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिला नाही.

दादाचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. ट्यूब, पंखे, होल्डर, वायर यांतच तो वाढला, कारण शाळा सुटली की वडिलांच्या हाताखाली गल्ल्यावर बसायचा. दोन वर्षांपूर्वी हैदराबादेत एका हॉटेलात त्याने समुद्री टाकी पाहिली. निळ्याशार उजेडात हिरवी, जांभळी, केशरी फुले पाण्यात डोलत होती. ती फुले नसून जनावरे आहेत असे कुणीतरी सांगितले, आणि आमचा दादा तासभर तिथून हलला नाही. पुढे गणपतीच्या सुमारास दुकानाचा माल आणायला गेला तो दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी, खास मिठाच्या पिशव्या, पंप आणि १२० वॉटचा एलईडी दिवा घेऊनच परतला. टाकी महिनाभर मुरल्यावर दसऱ्याच्या खेपेला प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाण्यात तरंगत, मेंदूसारख्या वळ्यांचे मुठीएवढे एक प्रवाळ आले. दुकानदाराने सांगितलेला मंत्र दादा आम्हाला ऐकवी: “जितके वॉट, तितके प्रवाळ खूश.” विजेच्या सामानात हयात घालवलेल्या माणसाला हा मंत्र पटायला वेळ लागला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा टाकी घरातल्या देव्हाऱ्यापेक्षा जास्त उजळलेली होती. प्रवाळ मात्र दिवसागणिक फिकट होत चालले होते. दादाला वाटले उजेड कमी पडतो आहे. रोप घरात ठेवले की पिवळे पडते, तसेच हे असणार. त्याने दिवा आणखी चार बोटे खाली घेतला. अकराव्या दिवशी ते खडूसारखे पांढरे झाले. आजी काठी टेकत टाकीजवळ आली आणि म्हणाली, “हे काऊन पांढरं झालं रे पोट्ट्या? भाजलं का काय?”

आजीने बोट बरोबर ठेवले होते. आम्हाला ते कळायला आणखी दोन महिने लागले.

तेव्हापासून मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत आले आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. प्राणिशास्त्राचा मला अधिकार नाही. पण एक मत माझे पक्के झाले आहे आणि तेच इथे मांडायचे आहे. घरच्या छोट्या प्रवाळ टाकीसाठी दिवा निवडताना आपण प्रश्नच उलटा विचारतो. कोणता दिवा चांगला, हे आधी ठरवतो. त्याखाली कोण राहणार, ते मागाहून. वास्तविक आपल्या देशात घरच्या टाकीत कोण राहू शकत नाही हे कायद्याने ठरवून दिलेले आहे. ज्यांना राहता येते त्यांतल्या बहुतेकांना थोडका उजेड पुरतो. मग महागडा, प्रखर दिवा आपण विकत घेतो तो नेमका कुणासाठी?

आधी प्रवाळाचे घरकाम सांगते. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल भाडेकरू म्हणून राहते. हे शैवाल उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला भाडे म्हणून देते. कित्येक जातींत प्रवाळाच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातून येते. उरलेले ते रात्री शुंडके पसरून पाण्यातून टिपून खाते. उजेड बेताचा असला की हा संसार सुरळीत चालतो. उजेड किंवा उष्णता फार झाली की शैवालाच्या कामातून प्रवाळाला विषारी ठरणारे पदार्थ तयार होऊ लागतात, आणि घरमालक भाडेकरूला बाहेर काढतो. रंग बहुतांशी भाडेकरूचा असतो. तो गेला की पारदर्शक अंगातून खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते, पण त्याची मिळकत बंद झालेली असते आणि ते शिलकेवर दिवस काढत असते. अशा वेळी दिवा खाली घेणे म्हणजे उन्हाचा झटका आलेल्या माणसाला अंगणात नेऊन निजवणे. उजेड कमी पडला तर याच्या उलट घडते: प्रवाळ गडद तपकिरी होते, कारण ते आणखी भाडेकरू ठेवून घेते, मऊ प्रवाळे मान लांब करून दिव्याकडे ताणली जातात. या दोन खुणा दादाला ठाऊक असत्या तर पुढचे सगळे टळले असते. त्या दिवाळीत टाकीचे पाणी २६ अंशांवर होते, म्हणजे उष्म्यावर खापर फोडायलाही जागा नव्हती.

(आजीच्या सरीतले लाल पोवळे मात्र या संसारातले नव्हे. ती जात प्रामुख्याने भूमध्य समुद्रातली. गुहांच्या अंधारात आणि खोल पाण्यात ती वाढते, अंगात भाडेकरू ठेवत नाही आणि तिला उजेडाची गरज नसते. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे स्वभाव आपण कोंबले आहेत.)

आता मोजमापाकडे वळते. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचे माप. तो किती उजेड देतो, आणि त्यातला प्रवाळाच्या कामाचा किती, हे वॉटवरून कळत नाही. खोक्यावर लक्स किंवा ल्युमेन लिहिलेले असते. ते माप माणसाच्या डोळ्याचे. आपला डोळा हिरवट पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त मान देतो आणि निळ्याला फार कमी. प्रवाळातल्या शैवालाची भूक प्रामुख्याने निळ्या किरणांची. म्हणजे जेवणाऱ्याची भूक एक आणि ताट वाढणाऱ्याची आवड दुसरी. यासाठी ‘पार’ नावाचे माप वापरतात: वनस्पतींना अन्न तयार करायला उपयोगी पडतील असे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला पडतात त्याची मोजणी, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा २००० च्या घरात जातो. हौशी लोकांच्या अनुभवाने छत्रीसारख्या पसरट मऊ प्रवाळांना ३० ते १०० पुरतो, बटणांसारख्या झोअँथिडना ८० ते १५०, आणि फांद्या फुटणाऱ्या कडक प्रवाळांना मात्र २५० च्या पुढे लागतो.

आमच्या भागातल्या वाचकांना हे पटकन उमजेल. आदिलाबादच्या कापूस बाजारात गाडी आली की सर्वांची नजर ओलावा मोजणाऱ्या यंत्राच्या काट्यावर असते. सरकारी हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे माल परत. ढीग किती मोठा, कापूस किती पांढरा, हे सगळे नंतर. टाकीच्या दिव्यात तो काटा म्हणजे ‘पार’. फरक एवढाच, की बाजारात यंत्र निदान असते. दिव्याच्या दुकानात ते नसते, आणि विकत घ्यावे तर आमच्या टाकीपेक्षा महाग पडते. म्हणून बिनयंत्राच्या माणसाने दिवा पाव शक्तीवर सुरू करावा, आठवड्याला थोडा थोडा चढवावा आणि प्रत्येक बदलानंतर आठ-पंधरा दिवस नुसते पाहत राहावे. गडद होते, फिकट होते की मान ताणते, हे प्रवाळ सांगतेच. दादाने पहिल्याच दिवशी १२० वॉट पूर्ण शक्तीने सोडले होते, तेही जेमतेम फूटभर पाण्यावर. तो दिवा दुप्पट खोल टाकीसाठी बनवलेला होता हे खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले आम्हाला नंतर सापडले.

निळ्या उजेडाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण सारा मोह तिथेच आहे. पाणी तांबडे किरण पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते. निळे सर्वांत खोल जातात. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात आंग्रिया बँक म्हणून एक बुडालेले पठार आहे. नाव अर्थातच आपल्या कान्होजी आंग्र्यांचे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे, आणि पाणी नितळ असल्यामुळे तिथे प्रवाळे वाढतात. त्या खोलीवर जो उजेड पोचतो तो बहुतांशी निळाच. तेव्हा निळा दिवा हे निव्वळ ढोंग नव्हे. त्यात अन्न आहे. पण निव्वळ निळा दिवा लावला की काही प्रवाळांच्या अंगातली रंगद्रव्ये तो निळा घेऊन हिरवा, केशरी उजेड बाहेर टाकतात, आणि टाकी जत्रेतल्या पाळण्यासारखी चमकू लागते. हॉटेलात दादा भुलला तो याच चमकेला.

गेल्या हिवाळ्यात मामेभावंडांबरोबर मी मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे पडायचे आणि खाली पाहायचे. मी खाली चमचमाट शोधत होते. दिसले ते मोहरीच्या रंगाचे, तपकिरी, राखी हिरवट गोटे. काहींवर सुताएवढ्या नक्षीची घरे कोरलेली. मधूनच एक पट्टेरी मासा. पाणी हिरवट, आणि पाच-सहा हातांपलीकडचे सारे धुकट. हेच आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ! पावसाळ्यात तर नद्यांचा गाळ येऊन तिथला उजेड आणखी मंदावतो, तरी ती तग धरून आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, एकूण २९.१२ चौरस किलोमीटरचे, आणि त्यात या मातकट पाण्यातल्या प्रवाळांचाच मोठा वाटा आहे. आमच्याबरोबरचा एक पर्यटक बोटीत चढता चढता म्हणाला, “काही रंग नाही हो, पैसे फुकट गेले.” मला त्याचा राग आला, आणि लगेच आठवले की दिवाळीपूर्वी मीही तेच म्हटले असते. प्रवाळाचा रंग पाहायचा तर पांढरा आणि निळा मिळून असलेल्या दिव्यात पाहावा. त्यात ते जसे आहे तसे दिसते, आणि उपाशीही राहत नाही.

आता कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कडक सांगाड्याची, भिंती उभारणारी सर्व प्रवाळे घातली गेली. त्यांच्याबरोबर काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्री पंखे. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची. आमच्याकडे कवाल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, त्यामुळे या अनुसूचीचा दरारा आदिलाबादच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. वाघाचे कातडे घरात सापडले तर काय होते ते सर्वांना कळते. पण हॉलमध्ये ठेवलेला मेंदूच्या आकाराचा तो मुठीएवढा गोळा त्याच पंक्तीतला आहे, हे आमच्या घरात कुणाला स्वप्नातही आले नव्हते. विकणाऱ्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब होत नाही, हे व्यापारी कायद्याच्या तासाला मी वहीत लिहून घेतले आहे. वही आदिलाबादेत नेली नव्हती इतकेच. मेल्यावर तो सांगाडा वहिनीला शोकेसमध्ये ठेवायचा होता, दिसायला सुंदर होता म्हणून. तोही हक्क आपल्याला नाही. शेवटी दादाने तो वन खात्याच्या स्वाधीन केला.

हा कायदा मला कटकटीचा वाटत नाही. २०२३-२४ मध्ये जगभर समुद्र इतके तापले की शास्त्रज्ञांनी प्रवाळे पांढरी पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर केली. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ ही वर्षे आधीच पाहिली होती. ज्या प्राण्याला समुद्रातच घर उरेनासे झाले आहे, त्याला उचलून आदिलाबादच्या हॉलमध्ये अकरा दिवसांत मारण्याची हौस कुणी फेडू नये, एवढेच कायदा म्हणतो. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. दिव्यांच्या जाहिराती पाहा. बहुतेक चित्रांत फांद्या फुटलेली कडक प्रवाळेच असतात, आणि दिव्याची ताकद त्यांच्याच भुकेच्या हिशेबाने वाखाणलेली असते. म्हणजे जे पाळण्याची आपल्याला मुभा नाही, त्याच्या नावाने आपल्याला दिवा खपवला जातो. छत्री प्रवाळ, झोअँथिड अशा कित्येक जाती त्या अनुसूचीत नावाने नाहीत. त्या कुठून आल्या, कुणी वाढवल्या, हे विचारावे, बिल घ्यावे. कुणाच्या घरच्या टाकीत वाढून दुभंगलेला तुकडा मिळाला तर समुद्राचे काहीच जात नाही. आमच्याकडे आता आहेत ते दोन छत्री प्रवाळ नागपूरच्या एका हौशी गृहस्थांच्या टाकीतले आहेत. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडे ते तणासारखे माजले होते.

अशा पाहुण्यांसाठी दोन फुटी टाकीला किती दिवा लागतो? आम्ही ३० वॉटचा, शक्ती कमी-जास्त करता येणारा पांढरा-निळा एलईडी घेतला, आणि तोही अर्ध्याच्या वर कधी चढवलेला नाही. हिशेब सोपा आहे आणि तो मांडताना मला प्रथमच वाटले की आपण शिकतो ते कुठेतरी उपयोगी पडते. दिवसाला नऊ तास धरले तर ३० वॉटचा दिवा पूर्ण शक्तीने महिन्याला ८.१ युनिट खाईल. जुन्या पद्धतीच्या २४ वॉटच्या चार बारीक ट्यूब २५.९ युनिट. दादाचा पहिला दिवा ३२.४ युनिट. आणि १५० वॉटचा मेटल हॅलाइड, जो एके काळी प्रवाळ टाक्यांचा राजा समजला जाई, ४०.५ युनिट; त्याच्या चोकची वीज वेगळी. चोवीस तास चालणारा १० वॉटचा पंप ७.२ युनिट घेतो, तो कोणत्याही दिव्याबरोबर आहेच.

यात काय मोठेसे, असे वाटेल. पण तेलंगणात मार्च २०२४ पासून गृहज्योती योजनेत पात्र शिधापत्रिकाधारक घरांना महिना २०० युनिटपर्यंत शून्य बिल येऊ लागले, आणि २०० ओलांडले की साऱ्या युनिटांचे पैसे. आमचे घर महिन्याला साधारण १६५ युनिट वापरते. दादाच्या पहिल्या दिव्याने आणि पंपाने ते २०४.६ वर नेऊन ठेवले. अवघ्या ४.६ युनिटांसाठी साऱ्या बिलाचे पैसे भरले! नव्या दिव्याने तेच १८०.३ होते. (उन्हाळ्यात कूलरमुळे ही मर्यादा तशीही मोडते, हे प्रामाणिकपणे सांगते, पण वर्षाचे आठ महिने तरी वाचतात.) कर्नाटकातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. इथेही २०२३ पासून त्याच नावाची योजना आहे, आणि इथली मर्यादा तर घराच्या आधीच्या सरासरी वापराला बांधलेली आहे. दिव्याच्या किमतीची घासाघीस आपण तासभर करतो. तो महिन्याला काय खाईल हे कुणी विचारत नाही. लेखाशास्त्राच्या भाषेत भांडवली खर्च डोळ्यांपुढे असतो, आणि आवर्ती खर्च मीटरच्या पेटीत लपलेला असतो.

आणखी एक खर्च आमच्या जिल्ह्यात मोठा आहे, तो उष्णतेचा. आदिलाबादेत थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळिशीला भिडतो. टाकीला वर्षभर २४ ते २७ अंश हवे असतात. मेटल हॅलाइड वरून पाणीही तापवतो, मग ते थंड करायला यंत्र घ्या, त्या यंत्राला वीज द्या. एलईडीची उष्णता बरीचशी त्याच्या पाठीवरच्या पत्र्यांतून वर निघून जाते. मुंबईच्या दमट हवेत ज्याचा फारसा उपयोग होत नाही तो उपाय आमच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगला चालतो: पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडायचा. माठ गार होतो तशी टाकी होते. उडून गेलेल्या पाण्याएवढे गोडे पाणी रोज घालावे लागते. खारे घातले तर खारटपणा वाढत जातो. ही चूकही आम्ही एकदा केली आहे.

पुष्कळांना वाटते, आपल्याकडे ऊन फुकट असताना दिवा हवाच कशाला? विचार चुकीचा नाही. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी सूर्यप्रकाश, जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणाऱ्या प्रवाळ टाक्यांविषयी १९६१ मध्ये लिहिले होते, आणि घरात प्रवाळ जगू शकते हे जगाला त्यातून कळले. पण जकार्ता विषुववृत्ताजवळ. तिथे वर्षभर दिवस सारखेच आणि हवा सौम्य. आमच्या पूर्वेच्या खिडकीतले मे महिन्यातले ऊन तासाभरात पन्नास लिटर पाण्याचा काढा करील. डिसेंबरात हरकत नाही.

वीज गेली तर काय, हा प्रश्न दादाला सर्वांत जास्त छळत असे. त्याने दिव्यासाठी इन्व्हर्टर लावला होता, आणि पंप साध्या जोडणीवर. उलटे हवे होते. एखादा दिवस उजेड नसला तर प्रवाळाचे फारसे बिघडत नाही. समुद्रातही ढगाळ दिवस असतात. पाणी हलायचे थांबले की प्राणवायू घटतो, आणि काही तासांत सगळी टाकी धोक्यात येते. विजेच्या धंद्यातल्या माणसालाही हे सुचले नाही, कारण दिवा दिसतो, पंप दिसत नाही.

मैत्रिणी मला विचारतात, एवढे सगळे करण्यापेक्षा प्रवाळ पाळूच नये हे बरे नाही का? समुद्र तिथे, आपण इथे. मला या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता येत नाही. पण आमच्या गल्लीतली पंधरा-वीस पोरे त्या टाकीपुढे बसून जातात. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. पाणी म्हटले की त्यांना पैनगंगा आठवते, आणि फार तर पावसाळ्यातला कुंतलाचा धबधबा. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, “ताई, हे रात्री झोपतं का?” पुष्कळ मऊ प्रवाळे दिवा गेल्यावर आखडून बसतात, आणि कडक जातींतली कित्येक नेमकी रात्री शुंडके पसरतात, असे मी सांगितले. म्हणून रात्रभर निळा ‘चांदणे दिवा’ ठेवायची फॅशन मला पसंत नाही. त्यांना अंधार लागतो. त्या पोराने दुसऱ्या रात्री स्वतः येऊन दिवा बंद आहे ना, याची खात्री करून घेतली.

मे महिन्यात आम्ही आणखी एक फेरफार केला. दिवा सकाळी दहाला लागायचा, म्हणजे दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकावर एक चढायची. दादाने टायमर फिरवून संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेतीन असे नऊ तास लावले आणि दिवसा खिडकीच्या बाजूला जाड पडदा सोडला. प्रवाळाला आपला दिवस कधी उजाडतो याचे सोयरसुतक नाही, तो रोज त्याच वेळी उजाडला म्हणजे झाले. दुपारचा वीजभार आणि खंडित वीज हा त्रासही त्यातून आपोआप चुकला. एका आठवड्यात पाणी दीड अंशाने उतरले.

टायमरचा काटा साडेसहावर येतो तेव्हा आमच्या घरी दिवेलागण झालेली असते. देवापुढे निरांजन लावून आजी वळते आणि टाकीही हळूहळू उजळू लागते, कारण दादाने ती एकदम पेटू नये अशी सोय केली आहे. आजी देवाला जोडलेले हात तसेच तिच्याकडे वळवते. गळ्यातली सर मग ती पदराखाली सारते. टाकीतल्यांनी ती पाहू नये, असे तिचे म्हणणे आहे.